मीटरवाले वाघमारेजी

मुक्ता, जरा इकडे सरक बघू. कागदावरून बोलतेय म्हणून काय झालं, जवळ बसल्यासारखं ऐक. आधी तुला रागावून घेते, मग बाकीचं. इंदुरातल्या इंदुरात, विजय नगर आणि अन्नपूर्णा काय दोन देशांत आहेत का गं? सिटी बस अगदी कोपऱ्यावर सोडते. तरी चार महिने झाले, तुझं तोंड दिसलं नाही. फोन करतेस तोही स्कूटीवरून उतरता उतरता. आणि परवाच्या फोनवर काय म्हणालीस? "मावशी, सध्या एका नव्या लिस्ट झालेल्या कंपनीचा सस्टेनेबिलिटी रिपोर्ट करतेय. कंटाळवाणं काम. आकडे ते देतात, आपण फक्त सुंदर मांडायचे."

मी "हो का, छान" म्हणाले आणि फोन ठेवला. मग गॅसवरची मेथी करपली. कारण माझ्या डोळ्यांसमोर वाघमारेजी येऊन उभे राहिले होते, खिशातून ते मऊ फडकं काढत. तुला त्यांच्याबद्दल कधी सांगितलंच नाही, ही माझी चूक. आता सांगते. कामाच्या गडबडीत असशील तर नंतर वाच, पण अर्धवट नको वाचूस.

तुला माहीतच आहे, मी देपालपूर रोडवरच्या चिप्सच्या फॅक्टरीत होते. आधी आठ वर्षं पाकिटं भरायला, मग टाइम ऑफिसात. मतलब कोण आलं, कोण गेलं, कोणाची रजा, हे सगळं माझ्याकडे. कॉम्प्युटर मी कोणाकडे शिकले नाही. बंद केला तर परत चालू होईल की नाही, या भीतीने पहिले दोन दिवस मी तो बंदच केला नव्हता. तिथेच रोज सकाळी सव्वासातला वाघमारेजी यायचे, टेबलासमोर ताठ उभे राहायचे, आणि आदल्या चोवीस तासांच्या पाण्याचे आकडे सांगायचे. बोरिंगमधून किती ओढलं, किती परत वापरलं. मी टाइप करायचं. टाइप झालं की म्हणायचे, "ताई, आता तुम्ही मला वाचून दाखवा." मी वाचायचं. मग मान हलवून जायचे. रोज. बारा वर्षं.

यशवंत वाघमारे. महूचे. आजोबा फौजेत, वडील फौजेत, आणि यांना मात्र भरतीच्या वेळी छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून परत पाठवलं. हा किस्सा ते फार रंगवून सांगायचे. मोजणारा सुभेदार वडिलांच्या ओळखीचा होता. वडिलांनी नुसती भुवई वर केली असती तरी टेप ढिला सुटला असता. वडिलांनी भुवई वर केली नाही. "वाईट नाही वाटलं तुम्हाला?" मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "वाटलं ना. दोन दिवस जेवलो नाही. पण छाती अर्धा इंच कमी होती हे खरं होतं, ताई. त्याला काय करणार?"

फौजेत गेले नाहीत, पण बूट फौजीच. चिप्सच्या फॅक्टरीत, जिथे बटाट्याचा चिखल घोट्यापर्यंत, तिथे या माणसाचे बूट आरशासारखे. पंपघर त्यांच्याकडे होतं, पाण्याचे सगळे पाइप त्यांच्याकडे, आणि मीटर. मजूर त्यांना मीटरवाले बाबूजी म्हणायचे. मीटर वाचायचं म्हणजे त्यांची पूजाच जणू. आधी फडक्याने काच पुसायची. मग गुडघ्यावर बसून डोळा काचेच्या अगदी समोर आणायचा. तिरकं बघायचं नाही. आकडा मोठ्याने म्हणायचा, लिहायचा, परत बघायचा. जुन्या एका सुपरवायझरने त्यांना सांगितलं होतं, "बाबूजी, संडे को काहे आते हो महू से? मंडे को डाल दिया करो ना कुछ भी." हे त्या सुपरवायझरशी महिनाभर बोलले नाहीत.

आणि "अंदाजे" हा शब्द! त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. कॅन्टीनवाल्याने एकदा माझ्या शेजारी बसलेल्या गार्डला विचारलं, "कित्ती रोटी दूँ?" गार्ड म्हणाला, "अंदाजे चार दे दो." वाघमारेजी भडकलेच. "तुझं पोट, तुझं तोंड, आणि अंदाजे? खाणार किती ते सांग ना भिया!" गार्ड बिचारा उपाशी उठायचा राहिला.

त्यांची एकच गोष्ट होती, पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. धाकट्या मुलीच्या लग्नाला तीन दिवस रजा घेतली, तेव्हा रजिस्टरात त्या तीन रकान्यांत त्यांनी परत आल्यावर काय लिहिलं माहितीय? "पाहिलं नाही." तीनदा. स्वच्छ अक्षरात. बदली माणसाने दिलेला कागद होता, पण तो त्यांनी वेगळा टाचून ठेवला. मी हसले होते तेव्हा. पुढे याच दोन शब्दांनी त्यांना कुठल्या कुठे नेलं ते बघ.

झालं असं की कंपनी शेअर बाजारात आली. अगं, काय तो दिवस! फॅक्टरीत मोठ्या पडद्यावर मुंबईची घंटा दाखवली, बायकांनी रांगोळ्या काढल्या, जलेबी तर विचारूच नकोस. जुन्या कामगारांना कंपनीने थोडे थोडे शेअर दिले. मला मिळाले, वाघमारेजींना मिळाले. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून महूच्या घरी कपाटात ठेवला. मग मुंबईहून आल्या तुझ्यासारख्या मुली. रिपोर्ट करायला. पाणी किती, वीज किती, कचरा जातो कुठे, बायका किती कामावर, कोणाचं बोट कापलं का. मालकांना, म्हणजे आमच्या शेठजींना, तर पत्ताच नव्हता हे सगळं लिहून द्यायचं असतं. बाजारात उतरलं की सांगावं लागतं, म्हणाले त्या कामाचे मॅनेजर शुक्लाजी. शुक्लाजी तरुण, हुशार, गोड बोलणारे. इंदूरचेच.

त्या मुंबईच्या मुलींपैकी एकीने वाघमारेजींची रजिस्टरं उघडली. बारा वर्षांची. आणि तिला ते "पाहिलं नाही" दिसलं. मी अर्थ सांगितला तर ती खुर्चीवर बसलीच. म्हणाली, "आंटी, मी इतक्या फॅक्टऱ्या पाहिल्या. रिकामा रकाना कोणी ठेवत नाही. सगळे भरतात." तिने त्या पानाचा फोटो काढला. मग वाघमारेजींचा काढला, मीटरसमोर गुडघ्यावर बसलेला. आणि तो फोटो रिपोर्टात पानभर छापून आला! खाली पाण्याचा आकडा, मोठ्या निळ्या अक्षरांत. किती पाणी आम्ही परत वापरतो. आणि त्याच्याखाली इंग्रजीत, या आकड्यामागचा माणूस, यशवंत वाघमारे.

तो रिपोर्ट त्यांनी महूला नेला. त्यांच्या गल्लीत घरोघर फिरला म्हणे. बायकोने तो शोकेसमध्ये उभा करून ठेवला, ते पान उघडून. त्यातच शेठजींनी जाहीर केलं, नव्या पंपघराला नाव द्यायचं: यशवंत वाघमारे जलगृह. निवृत्तीला तीन महिने उरले होते, पण त्यानंतरही दोन वर्षं त्यांना ठेवून घ्यायचं. पाटी रंगवूनसुद्धा आली. स्टोअररूममध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती. मी त्यांना दाखवायला नेलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, आमच्या आजोबांच्या डिस्चार्जच्या कागदावर आडनाव सुद्धा नाही. नुसतं नाव, नंबर. आमच्या घराण्यात पाटीवर लागलेलं हे पहिलं." आणि मागे वळून दारातून बाहेर पाहायला लागले. मीही स्टोअरमधली पोती मोजत उभी राहिले. तेवढा वेळ दिला त्यांना.

आता नीट ऐक.

सीझन संपला की बटाटा येत नाही, तेव्हा फॅक्टरी आठवडाभर सफाईला बंद असते. त्या आठवड्यात जुन्याच्या जागी बसवलेल्या, बटाटे धुण्याच्या नव्या ड्रमची ट्रायल होती. बटाटा नाही, नुसतं पाणी फिरवायचं. बोरिंग बंद, त्याच्या व्हॉल्व्हला वाघमारेजींनी स्वतः सील लावलेलं. आदल्या दिवशी भरून ठेवलेली एक टाकी, बस. तेवढंच पाणी. सकाळी त्यांनी परत वापरलेल्या पाण्याचं मीटर वाचलं. एरवी दुसऱ्या दिवशी सकाळीच वाचायचे. पण ट्रायल म्हणून थांबले होते, म्हणून दुपारी चारला परत वाचलं.

मी ट्रायलच्या मजुरांची हजेरी घेत होते. तर वाघमारेजी आले. टोपी हातात. म्हणाले, "ताई, जरा येता? मीटर वाचायचंय."

मी म्हटलं, "मी?"

"हो. तुम्ही वाचा."

बारा वर्षांत या माणसाने दुसऱ्या कोणाला मीटरसमोर बसू दिलं नव्हतं. मी गेले, गुडघे धरत खाली बसले, वाचलं. त्यांनी सकाळचा आकडा दाखवला. मी वजाबाकी केली. मग परत केली. म्हटलं, "वाघमारेजी, टाकीत मावतं त्याच्या सहापट पाणी गेलंय इथून."

"हो."

"पण पाणी तर एकच टाकी होतं."

"हो ताई."

"मग मीटर बिघडलं असेल."

"मीटर मी मागच्याच महिन्यात तपासून आणलंय. मीटर बरोबर आहे."

मला अजून काही कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा असा झाला होता, गं, की मला वाटलं छातीत दुखतंय. मी पाणी आणू का म्हटलं.

मग त्यांनी खडू घेतला. आणि चालायला लागले. मीटरपासून पाइपाला हात लावून, पुढे, ड्रमच्या मागून, वाकून, रांगून, ते चकचकीत बूट चिखलात. जिथे पाइप वळतो तिथे खडूने बाण काढायचा. मी भिंतीच्या बाजूने त्यांच्या मागे. तासाभराने तो पाइप फिरून फिरून जिथून निघाला होता तिथेच आला. मीटरच्या तोंडाशी. शेवटचा बाण पहिल्या बाणाला जाऊन टेकला.

आधीच्या दिवसांत बटाटा धुतलेलं पाणी गाळाच्या टाकीत निवायचं, आणि वरचं स्वच्छ पाणी या मीटरमधून बागेला, फरशी धुवायला जायचं. गेलं ते गेलं. मोजलं ते खरं. पण शेअर बाजारात यायच्या आधी कारखाना वाढवला तेव्हा कंत्राटदाराने तोच पाइप पुढे नेऊन परत धुण्याच्या ड्रमला जोडला. मीटर मात्र जागच्या जागी. आता तेच पाणी ड्रममधून टाकीत, टाकीतून मीटरमधून ड्रममध्ये, दिवसभर गोल गोल. आणि प्रत्येक फेरीला मीटर म्हणतंय, आणखी वाचवलं, आणखी वाचवलं. एकाच पाहुण्याला दहा वेळा दारातून आत घ्यायचं आणि दहा पाहुणे आले म्हणून सांगायचं, असं झालं ते. आकडा वाढला तेव्हा सगळे खूश झाले होते, नवीन प्लांट, जास्त बचत. वाघमारेजीही खूश झाले होते. मीही. टाइप तर मीच केलं होतं.

वाघमारेजी खाली बसले. त्या ओल्या फरशीवर, सरळ. "दोन वर्षं," म्हणाले. "दोन वर्षं मी रोज ही काच पुसली."

दुसऱ्या दिवशी शुक्लाजींकडे गेले. मला बरोबर घेऊन, कारण शीट माझ्याकडे. शुक्लाजींनी सगळं ऐकलं. हुशार माणूस, त्याला पाच मिनिटांत समजलं. पांढरा पडला. मग उठून दार लावलं.

"बाबूजी, ये बात किस किस को मालूम है?"

"आत्ता तिघांना."

"तो बस. अगले साल ठीक कर लेंगे. मीटर की जगह बदल देंगे, धीरे से. अब तो छप गया ना. सबके पास चला गया. नई-नई कंपनी है, लोग क्या कहेंगे? और आप सोचो, आपकी फोटो है उस पे. आपका ही नाम खराब होगा."

"म्हणून तर आलो, शुक्लाजी. माझं नाव आहे त्याच्यावर."

"और वो पाटी? वो दो साल का एक्सटेंशन?"

वाघमारेजींनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. घरून लिहून आणलेला. आकडा चुकीचा आहे, का चुकीचा आहे, चूक माझी आहे, दुरुस्त करून कळवावं. खाली सही. शुक्लाजींनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली फिरवली. ती किल्ली फिरल्याचा आवाज मी ऐकलाय, मुक्ता. इतका गोड मुलगा. माझ्या हातचे बाफले खाल्लेला.

मी तरी कुठे चांगली? बाहेर आल्यावर मीच म्हटलं, "जाऊ द्या ना, वाघमारेजी. तीन महिने राहिलेत. कोणाचं काय बिघडलं? पाणी काही आपण चोरलं नाही." तर चालता चालता थांबले. म्हणाले, "ताई, न येता कोणाची हजेरी लागली, तर तुम्ही काय करता?"

"मेमो देते."

"मग मला द्या ना कोणीतरी मेमो!" एवढ्या मोठ्याने म्हणाले की गेटवरचा गार्ड वळून बघायला लागला.

पंधरा दिवस वाट बघितली. पत्राला उत्तर नाही. वार्षिक सभा जवळ आली. शेअरहोल्डरांची. आजकाल ती घरबसल्या कॉम्प्युटरवर होते, तुला माहीतच आहे. ज्याच्याकडे एक शेअर आहे तोही नाव नोंदवून प्रश्न विचारू शकतो. हे वाघमारेजींनी कुठून शोधून काढलं देव जाणे. एका सकाळी म्हणाले, "ताई, तुमच्या घरी कॉम्प्युटर आहे ना? मला नाव नोंदवायचंय." मला कळलं होतं कशासाठी. तरी नोंदवलं. मीही त्याच कंपनीत होते गं. माझीही पेन्शनची कागदपत्रं त्याच शुक्लाजींच्या टेबलावर.

सभेच्या दिवशी माझ्या याच खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट, बूट दाराबाहेर काढलेले, समोर तो रिपोर्ट. तिकडे पडद्यावर शेठजी, शुक्लाजी आणि चार-पाच मोठी माणसं. मग एकेक शेअरहोल्डर बोलायला लागले. कोणी म्हणे कंपनी फार छान, कोणी म्हणे शेठजींना दीर्घायुष्य, कोणी म्हणे दिवाळीला चिप्सचा डबा पाठवा. मग सूत्रं सांभाळणारी बाई म्हणाली, इंदूरहून यशवंत वाघमारे.

शेठजी हसले. "अरे वाह, बाबूजी! ये तो हमारे परिवार के हैं."

वाघमारेजी उठून उभे राहिले. मी म्हटलं, बसा, कॅमेऱ्यात डोकं दिसत नाही. पण ते उभेच. फक्त शर्टाची बटणं दिसत होती सगळ्यांना. "नमस्कार. रिपोर्टमध्ये पाण्याच्या पानावर जो फोटो आहे, तो आदमी मी आहे. त्याच्याखालचा आकडा..."

"सर, आपकी आवाज़ कट रही है," ती बाई म्हणाली. आणि पडद्यावर त्यांच्या नावावर लाल रेघ आली.

आवाज कटत नव्हता. मी शेजारी बसले होते. माझ्या खोलीत तो आवाज भिंतीवर आदळत होता आणि तिकडे कोणाला काही ऐकू जात नव्हतं. वाघमारेजींना ते कळलंही नाही, ते बोलतच राहिले, पाइप, ड्रम, सहा टाक्या, सगळं. मी त्यांचा शर्ट ओढला. "बंद केलंय त्यांनी. तुमचा आवाज बंद केलाय." ते माझ्याकडे बघत राहिले. मार बसल्यासारखे.

तिकडे पुढचं नाव घेतलं. कोणी म्हातारी बाई, गुजरातेतून. चष्मा नाकावर. ती म्हणाली, "मैं तो चिप्स का नया स्वाद पूछने आई थी. लेकिन पहले उन भाई को बोलने दीजिए. पन्ना मैंने खोल लिया है. फोटो किसकी है वो? क्या हुआ उस नंबर को?"

शेठजी शुक्लाजींकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मैं रुकी हूँ."

बघ हं, ना ओळख ना पाळख. कुठल्या गावची बाई. तिने चष्मा पुसायला घेतला आणि खरंच थांबून राहिली. शेवटी शेठजींनीच हात केला, आणि लाल रेघ गेली.

या वेळी वाघमारेजी खाली बसले. फार थोडं बोलले, आणि हिंदीत. "वो नंबर गलत है. एक ही पानी बार-बार गिना गया. गलती मेरी है. मैंने मीटर देखा, पाइप नहीं देखा. लिखके दिया था, जवाब नहीं आया. इसलिए यहाँ बोला. पाटी मत लगाइए." आणि हात जोडले.

मी शुक्लाजींकडे बघत होते. ते खाली बघत होते. शेठजी म्हणाले, "जाँच करेंगे," आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. त्या म्हातारीने आपला चिप्सचा प्रश्न विचारलाच नाही.

महिनाभराने कंपनीने शेअर बाजाराला कळवलं. आकडा दुरुस्त झाला, खूपच लहान झाला. मी ते पत्र छापून वाघमारेजींना दिलं. मला वाटलं, आता तरी बरं वाटेल. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं, गणनेच्या पद्धतीत सुधारणा केल्यामुळे आकडा बदलला आहे. बस. वाघमारेजी म्हणाले, "पद्धत कुठे बदलली, ताई? माणूस चुकला होता." आणि कागद परत माझ्या हातात दिला. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. चुकीतसुद्धा नव्हतं. त्याचं त्यांना जेवढं लागलं, तेवढं पाटी गेल्याचंही लागलं नव्हतं.

पाटी स्टोअरमधून कधी गेली मला माहीत नाही. दोन वर्षं ठेवून घ्यायचं नाव कोणी परत काढलं नाही. कॅन्टीनमध्ये लोक त्यांच्या टेबलावर बसेनात. इतक्या वर्षांचे लोक! त्यांच्यामुळे शेअर पडला म्हणायचे, कोणी तोंडावर, कोणी पाठीमागे. ते आपले रोज सव्वासातला माझ्यासमोर ताठ उभे. मीटर आता योग्य जागी बसवलं होतं. आकडा एवढासा यायचा. मी टाइप करायचं, वाचून दाखवायचं, ते मान हलवायचे.

निवृत्त झाले आणि महूला गेले. पुढे दोन वर्षं फोन येत होता त्यांचा, दर पौर्णिमेला न चुकता. मग एका पौर्णिमेला त्यांच्या सुनेचा आला.

पण मला आठवतो तो त्यांचा शेवटचा दिवस. कॅन्टीनमध्ये चहा, कचोरी, एक शाल. शुक्लाजी दोन शब्द बोलून मीटिंगला गेले. साडेचारला सगळं आटोपलं. त्यांची बस साडेपाचची. मी त्यांना शोधत शोधत पंपघरात गेले, तर तिथे त्यांच्या जागी आलेली नवीन मुलगी, निशा, देपालपूरकडचीच, नुकती इंजिनीअर झालेली. दोघं पाइपाला कान लावून वाकलेली. वाघमारेजींच्या अंगावर ती शाल तशीच.

"काय ऐकू येतंय?" ते विचारत होते.

"पानी, सर."

"कुठे चाललंय?"

"बगीचे की तरफ."

"पाइपाने सांगितलं की कंत्राटदाराने?"

ती म्हणाली, "सर, देखके आती हूँ," आणि ओढणी कमरेला खोचून पळाली. पाइपाच्या कडेकडेने, भिंतीपलीकडे, बागेकडे. वाघमारेजी तिथेच, कान लोखंडाला लावून, डोळे मिटून. बाहेरून लांबून तिचा आवाज आला, "आ रहा है, सर! यहीं आ रहा है!" त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसता पाइपावर हात फिरवला, गाईच्या पाठीवर फिरवतात तसा. मी हाक मारली नाही. हळूच मागे फिरले.

तर मुक्ता, आता काय ते. या रविवारी ये. सकाळीच ये, ऊन चढायच्या आत. बाफले करते, तुला आवडतात तशी आंबट-गोड डाळ करते, आणि तो तुझा लॅपटॉप पण घेऊन ये. तू करतेस त्या कंपनीचं पाण्याचं पान मला बघायचंय. तो आकडा ज्याने तुला दिला त्याचं नाव काय, हे विचारून आली असशील तर उत्तमच. नसशील तरी ये. आपण दोघी मिळून त्याला फोन लावू. पण ये गं, फार दिवस झाले.